तुटीचा भत्ता

म्युनिककडच्या कुठल्याशा किराणा साखळीची
दोनशे बारा शब्दांची यादी आली आहे.
डाव्या रकान्यात जर्मन, उजवा रिकामा.
इंग्रजी हवं, सोमवारपर्यंत,
आणि वीस अक्षरांच्या वर नको,
गल्ल्याच्या मशीनवर मावत नाही.

मे महिना. कूलरच्या पाण्याला वाळ्याचा वास.
खिडकीखाली गोळीबार चौक तापून पांढरा पडलेला.

कासेनश्टुर्त्स.
कासे म्हणजे गल्ला, श्टुर्त्स म्हणजे कोसळणं.
गल्ला कोसळला? नाही बाप्पा,
मोजायला उपडा केला, एवढंच.
मी लिहिते: कॅश काउंट.
नाण्यांचा खळखळाट डावीकडेच राहतो.

गेल्डबोंबे. पैशाचा बॉम्ब.
रात्री बँकेच्या भिंतीतल्या भोकातून आत सोडायचा
रोकडीचा डबा, कुलूप लावलेला.
आईला सांगितलं, तर भाजी निवडता निवडता म्हणाली,
"अन् फुटला म्हंजे?"

टागेसआपश्लुस. दिवसाला घातलेली कडी.
इतवारीत असं कुणी बोलणार नाही.
रात्री नऊला शटर अर्धं ओढून
बाबा म्हणायचे, चला, दुकान वाढवा.
फुटलेली बांगडी वाढते, मिटलेलं दुकान वाढतं.
हे कुठल्या रकान्यात टाकू?
मी लिहिते: एंड ऑफ डे.
मधल्या जागा धरून दहा अक्षरं. मावलं.

बाबा, शालिकराम पौनीकर,
केसरीमल सेठच्या साडीच्या दुकानात
एकतीस वर्षं गल्ल्यावर.
ओल्या स्पंजात बोट, बोटाखाली नोटा,
पाठीमागे लक्ष्मीचं कॅलेंडर, मागच्या साली छापलेलं.

एकदा दिवाळीच्या आठवड्यात
तीनशे चाळीस रुपये कमी भरले.
सेठ वाईट नव्हता.
त्यानं चहा मागवला, पाठीवर हात ठेवला,
आणि पगारातून कापले.
त्या रात्री बाबांनी सगळी गिऱ्हाइकं
एकेक करून घरात आणली, चटईवर बसवली.
मोरपंखी काठवाली, पाचशेची नोट, मी किती परत दिले?
तिच्यामागं कामठीची नवरी, दोन शालू, सुटे नव्हते…
दोन वाजले. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते.
मोरपंखीवाली जाता जात नव्हती.

ओळ एकशे सत्तेचाळीस.
मांकोगेल्ड.
मांको, तूट. गेल्ड, पैसा.
खाली बारीक अक्षरात खुलासा:
गल्ल्यावरच्या माणसाला दर महिन्याला
पगाराबरोबर द्यायची थोडी जादा रक्कम,
कारण मोजणारा चुकतो.
बस, एवढंच कारण. चौकशी नाही, चहा नाही.

मी उठून पाणी प्यायले.
मग लिहिलं: कॅशियर्स शॉर्टेज अलाउन्स.
अठ्ठावीस. आठ जास्त.
शॉर्टेज काढला तर अर्थ जातो,
अलाउन्स काढला तर उरते नुसती तूट.
कॅशियर काढला की बसतं.
काढला.
अठरा. दोन शिल्लक.

आतल्या खोलीत बाबा गोळ्यांच्या पाकिटातून
रात्रीच्या गोळ्या वेगळ्या करत होते.
मी सांगितलं, असा असा एक शब्द आहे.
पुन्हा सांगायला लावलं.
मग बराच वेळ गोळ्यांकडेच बघत विचारलं,
"अन् चूक झालीच नाही त? वापस द्या लागते?"
नाही बाबा. ठेवायचे.
"ठेवाचे?"
हो.
अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला,
एकतीस गुणिले बारा, गुणिले काहीतरी,
तिसऱ्या बोटावर थांबला, सुटून गेला.

"तुले या कामाचे पैसे कधी देतेत?"
पंचेचाळीस दिवसांनी, मी म्हटलं. बँकेत येतात, आपोआप.
"आपोआप," ते म्हणाले,
आणि पाकीट मिटून उशीखाली सरकवत,
"तरी मोजून घेजो."